सल्ला: ग्रुपसोबत फिरायला नेलं की चिंगी अंगावर जाते

पत्र : आमची चिंगी देशी आहे. वय साधारण १४ महिने, नसबंदी झालेली. ५ महिन्यांची असताना दत्तक घेतली. घरात अगदी शहाणी. आमच्या भागातले सात-आठ जण दर रविवारी सकाळी आपापली कुत्री घेऊन टेकडीवर जातात. चार कुत्र्यांची सवय व्हावी म्हणून मीही तिला दोनदा नेलं. पहिल्या वेळी ती माझ्या पायात घुसून भुंकत राहिली. दुसऱ्या वेळी एक लॅब्रॅडॉर मोकळाच धावत आला आणि तिने त्याच्या तोंडावर झेप घेतली. दात लागले नाहीत, पण सगळे घाबरले. ग्रुपमधले काहीजण म्हणतात, पट्टा सोड, त्यांचं ते बघून घेतील. एक काका म्हणाले, ती दादागिरी करते, दोन ठेवून दे. तिला नेणं बंद करू का? आणि ग्रुपला काय सांगू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

नमस्कार,

पट्टा सोडू नका आणि दोन ठेवूनही देऊ नका. रविवारच्या ग्रुपमधून निदान ६ आठवडे सुट्टी घ्या. चिंगीचं दुसऱ्या कुत्र्यांबरोबर चालणं मात्र थांबवायचं नाही. ते एकाच कुत्र्यापासून, लांबून आणि पायरी-पायरीने नव्याने सुरू करायचं आहे.

आधी त्या दोन सकाळी काय झालं ते समजून घेऊ. पहिल्या रविवारी ती पायात घुसली, तेव्हाच तिने सांगितलं होतं की ही कुत्री मला फार जवळ वाटताहेत. भुंकून तेच मोठ्याने सांगितलं. दुसऱ्या रविवारी लॅब समोरून सरळ धावत आला. कुत्र्यांच्या रीतभातीत असं तोंडासमोर धावून येणं उद्धटपणाचं असतं. समजूतदार कुत्रं अर्धगोल वळसा घेऊन, तोंड थोडं बाजूला ठेवून येतं आणि आधी मागून वास घेतं. लॅबच्या मनात काही वाईट नसणार, त्या जातीची तरुण कुत्री आनंदाने अशीच धडकतात. पण चिंगीच्या गळ्यात पट्टा होता. घाबरलेल्या कुत्र्याला पळण्याची वाट लागते, ती तिला नव्हती. उरला तो एकच मार्ग तिने वापरला. आणि कुत्र्याचा जबडा आपल्या हातापेक्षा कितीतरी चपळ असतो. एवढ्या जवळून दात लागले नाहीत, तेव्हा तिने ते लावले नाहीत असंच समजायचं. ही ताकीद होती, आणि ताकीद देणारं कुत्रं शिकवण्याजोगं असतं.

म्हणूनच दोन ठेवून देण्याचा सल्ला धोक्याचा आहे. गुरगुरल्याबद्दल किंवा हवेत तोंड मारल्याबद्दल मार बसला, तर कुत्र्याची भीती जात नाही, फक्त आधी सांगण्याची सवय जाते. पुढच्या वेळी न गुरगुरता थेट दात लागतात आणि लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावली.’ शिवाय तिच्या डोक्यात हिशेब पक्का होतो की दुसरं कुत्रं दिसलं की मला मार बसतो. त्या काकांच्या ‘दादागिरी’च्या कल्पनेबद्दलही सांगायला हवं. कळपात एक दादा असतो आणि बाकीचे दबून असतात, हे चित्र १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून मांडलं. पुढे डेव्हिड मीच या लांडग्यांच्या अभ्यासकांनी १९९९ च्या निबंधात दाखवलं की रानातला कळप म्हणजे मुख्यतः आईबाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब असतं. पायात घुसणाऱ्या १४ महिन्यांच्या कुत्रीला त्या चित्रात बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

‘त्यांचं ते बघून घेतील’ हे कधी खरं ठरतं? दोन्ही कुत्री साधारण एकाच आकाराची असली, दोघांना पळायला भरपूर जागा असली आणि दोघांनाही एकमेकांत रस असला, तर. सात-आठ कुत्र्यांमध्ये एक घाबरलेलं कुत्रं सोडलं की ते पळतं, पळणाऱ्याच्या मागे बाकीची लागतात, आणि खेळ म्हणून सुरू झालेली पाठलाग-पकड बघता बघता चाव्यांवर जाते. अशी एकच सकाळ पुढच्या कित्येक महिन्यांची मेहनत वाढवते. आणि टेकडीवरून घाबरून सुटलेलं कुत्रं खाली वाहत्या रस्त्यावर पोहोचायला वेळ लागत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता वयाबद्दल. पिल्लू ३ आठवड्यांचं झाल्यापासून साधारण १२ ते १४ आठवड्यांचं होईपर्यंत नवी माणसं, कुत्री, आवाज हे सगळं ‘असंच असतं’ म्हणून सहज स्वीकारतं. त्या काळात चिंगीने काय पाहिलं ते तुमच्या हातात नव्हतं, आणि ती तुमच्याकडे आली तेव्हा तो काळ संपलेला होता. त्यात आणखी एक गोष्ट: कुत्र्याचा स्वभाव साधारण १ ते ३ वर्षांच्या दरम्यान पक्का होतो, आणि त्या टप्प्यात पुष्कळ कुत्री निवडक होतात. पिल्लू असताना दिसेल त्याच्याशी खेळणारंही मोठेपणी दोन-तीन ओळखीच्या सोबत्यांपलीकडे कुणाला जवळ येऊ देत नाही. हा आजार नव्हे. तेव्हा चिंगीने आठही कुत्र्यांशी दोस्ती करावी, हे ध्येयच आधी सोडून द्या. दुसरं कुत्रं दिसलं तरी मला काही करावं लागत नाही, एवढं तिच्या मनात बसलं की सोशलायझेशन, म्हणजे इतर कुत्र्यांची सवय, झालं असं समजा. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

सुरुवात पशुवैद्याकडून करा. दुखत असलेलं कुत्रं चिडखोर होतं आणि ते लंगडेलच असं नाही. कान तपासून घ्या, दात आणि सांधे दाखवा. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बबेसियाचे ताप वारंवार आढळतात. कुत्रं थोडं मंद, थोडं आखडलेलं राहतं आणि घरच्यांना वाटतं की ऊन लागलं असेल. त्याच खेपेस लसींचं कार्ड बघा. रेबीज, पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्रित लस आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची) लस वेळेवर हवी. उंदीर फिरलेल्या डबक्यांतून पावसाळ्यात लेप्टो पसरतो, त्यामुळे ती लस जूनच्या आधी झालेली बरी. जंताचं औषध साधारण दर ३ महिन्यांनी.

सामान फार लागत नाही. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस घ्या. पट्टी छातीच्या हाडावर यावी, खांद्यावर आडवी येऊ नये आणि तिच्याखाली दोन बोटं सहज जावीत. देशी कुत्र्यांची छाती खोल आणि डोकं निमुळतं असतं. घाबरून मागे सरकली की ती ढिल्या हार्नेसमधून आणि गळ्याच्या पट्ट्यातून अलगद निसटतात. म्हणून गळ्याचा पट्टाही ठेवा आणि दोन्ही एका छोट्या दोरीने जोडा. हातात धरायची लीश २ मीटरची, साधी, जाड कापडी. बटण दाबून लांब होणारी लीश घेऊ नका, आणि ग्रुपमध्ये कुणाला वापरूही देऊ नका. तिच्यात कायम ताण असतो, ती ऐन वेळी अडते, आणि ती बारीक दोरी पायाला गुंडाळली तर कापते. काट्यांचा पट्टा, आवळणारी साखळी, शॉकचा पट्टा यांतलं काहीही नको. दुसरं कुत्रं दिसताच गळ्याला दुखलं, तर दोष त्या कुत्र्यावरच जातो.

खाऊ मात्र भारी हवा. उकडलेली बिनहाडांची कोंबडी १०० ग्रॅम घ्या आणि हरभऱ्याएवढे तुकडे करा. एका फेरीला साठ-सत्तर तुकडे होतात. घरात मांसाहार नसेल तर पनीर चालेल. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतात. जेवढं बाहेर दिलं तेवढं जेवणातून वजा करा. रस्त्यावर नेहमीची बिस्किटं पुरत नाहीत, कारण समोर कुत्रं असताना खाऊची किंमत त्या भीतीहून जास्त असावी लागते.

पहिला आठवडा फक्त घर आणि गल्ली. तीन गोष्टी पक्क्या करा. तिचं नाव घेतलं की तिने तुमच्याकडे बघायचं आणि लगेच तुकडा मिळायचा. ‘चल’ म्हटलं की तुमच्याबरोबर गर्रकन वळून उलट दिशेला चालायला लागायचं. आणि ‘शोध’ म्हटलं की जमिनीवर टाकलेले सात-आठ तुकडे हुंगून शोधायचे. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण नाक जमिनीला लागलं की कुत्रं शांत होतं, आणि लांबून बघणाऱ्या दुसऱ्या कुत्र्यालाही ते धमकीचं वाटत नाही. प्रत्येक गोष्ट दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं. याच आठवड्यात दुसरी कुत्री दिसतील ते रस्ते टाळा. एका घटनेचा ताण शरीरातून उतरायला कधी कधी एक-दोन दिवसही जातात, आणि तो उतरायच्या आत दुसरी घटना झाली की ती पहिल्यावर चढते. सकाळी स्कूटर अगदी जवळून गेली, दुपारी फटाके वाजले आणि संध्याकाळी समोर साधं पामेरियन आलं, तरी कुत्रं उसळतं. दोष पामेरियनचा नसतो.

दुसऱ्या आठवड्यापासून एक सोबती लागेल. ग्रुपमधलंच एखादं मोठं, शांत, शक्यतो नर कुत्रं निवडा. चार-पाच वर्षांचं, दुसऱ्या कुत्र्याकडे बघून न बघितल्यासारखं करणारं. पिल्लू नको आणि तो लॅब तर सध्या मुळीच नको. जागा अशी हवी की दोन्हीकडे फूटपाथ असेल, वाहनं कमी असतील आणि मागे वळायला वाट असेल. भल्या सकाळी रुंद डीपी रस्ते चालतात. मंगल कार्यालयांच्या आणि लॉन्सच्या कडेचा रस्ता मात्र लग्नसराईत टाळा, तिथे उष्टं पडलेलं असतं आणि त्यावर वस्तीतली कुत्री जमतात.

गेटपाशी भेटून सुरुवात करू नका. दोघांनी फोनवर ठरवून वेगवेगळ्या टोकांनी यायचं. सोबत्याने पुढे चालायला लागायचं आणि तुम्ही त्याच दिशेने, २० ते २५ मीटर मागे. चिंगीला मागे ठेवण्याचं कारण असं की तिला तो दिसतो, त्याचा माग हुंगता येतो, आणि आपल्या मागे कुणी लागलंय ही भीती राहत नाही. तो जिथे मुतला तिथे तिला थांबून हवा तेवढा वेळ वास घेऊ द्या. कुत्र्यांची निम्मी ओळख इथेच होते, आणि आपण घाईने लीश ओढून ती तोडतो. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं की त्याच क्षणी ‘छान’ म्हणा आणि तुकडा द्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कुत्रं दिसतं, मग खाऊ येतो. खाऊ आधी दाखवून तिचं लक्ष दुसरीकडे नेलंत, तर ती दुसऱ्या कुत्र्याबद्दल काहीच शिकत नाही. उलट, पिशवीत हात गेला म्हणजे काहीतरी वाईट येतंय असा अर्थ ती काढू शकते.

अंतर बरोबर आहे की नाही हे तिच्या खाण्यावरून कळतं. तुकडा हळुवार घेते आहे, तर ठीक. बोटांना दात लागतील असा हिसकावते आहे, तर तुम्ही कडेवर आहात. ५ मीटर मागे या. तोंडाशी धरूनही घेत नाही, तर फारच जवळ आलात; वळून निघा. शरीरही बघत राहा. भूक नसताना ओठांवरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, पुढचा एक पाय अधांतरी धरणं, कान मागे चिकटणं, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसणं, ही सुरुवातीची लक्षणं. सगळ्यात धोक्याचं लक्षण म्हणजे एकदम स्तब्ध होणं: तोंड मिटलेलं, शेपूट ताठ, नजर खिळलेली. त्यानंतर तुमच्या हातात एक-दोन सेकंद असतात, तेव्हा ‘चल’ म्हणा आणि वळा. हलणारी शेपूट म्हणजे खुशी असं धरून चालू नका. ताठ, उंच शेपटीचं नुसतं टोक थरथरत असेल तर तो ताण असतो. अंगातून पाणी झाडावं तसं तिने कोरडं अंग झाडलं, तर ताण उतरतोय असं समजा.

या सगळ्यात तुमच्या हाताकडे लक्ष असू द्या. समोर कुत्रं दिसलं की माणूस नकळत लीश मनगटाला गुंडाळतो आणि आखडतो. तो ताण चिंगीपर्यंत पोहोचतो, तिची छाती वर उचलली जाते, आणि लांबून ती चढाई करणाऱ्या कुत्र्यासारखी दिसते. समोरचंही मग तसंच उत्तर देतं. लीशला खाली झोळ दिसला पाहिजे. तो ठेवणं जमत नसेल तर अंतर कमी आहे.

अशा फेऱ्या आठवड्यातून तीन, प्रत्येकी २५-३० मिनिटांच्या, रोज नको. दोन फेऱ्या शांत गेल्या की रस्त्याच्या दोन बाजूंनी समांतर चाला: तुम्ही दोघं आतल्या बाजूला, कुत्री बाहेरच्या. म्हणजे दोन कुत्र्यांच्या मध्ये दोन माणसं येतात. मग दर फेरीला साधारण ३ मीटर अंतर कमी करा. एखाद्या दिवशी बिघडलं तर मागच्या अंतरावर जायचं, त्यात हार नाही. ३-४ मीटरवर दोघं आपापल्या नादात हुंगत चालली, मध्येच एकमेकांकडे बघून नजर काढून घेतली, म्हणजे हे काम झालं. बहुतेक लोक इथे घाई करून ‘आता भेटवूया’ म्हणतात. आमच्या मते चिंगीला आणखी दोन आठवडे नुसतं चालू द्या. भेट झालीच नाही तरी काही बिघडत नाही.

भेटवायचंच झालं तर चालता चालता, मोकळ्या जागी. चिंगीला वळसा घालून त्याच्या मागच्या बाजूला येऊ द्या, दोन्ही लीश सैल, आणि मनात एक-दोन-तीन मोजून दोघांनी आपापल्या कुत्र्याला आनंदी आवाजात बोलावून पुढे निघायचं. तीनच सेकंद, कारण पुष्कळ भेटी पहिल्या तीन सेकंदांत चांगल्या असतात आणि नंतर बिघडतात. बोलावल्यावर ती स्वतःहून परत त्याच्याकडे वळली तर आणखी एक भेट, नाहीतर झालं. नाकाला नाक असताना खाऊ काढू नका, खाऊवरून भांडण लागतं. दोघांत २-३ मीटर अंतर पडलं की मग द्या.

एका सोबत्याबरोबर चार-पाच फेऱ्या बिनघोर झाल्या की दुसरा सोबती, पुन्हा लांबूनच, पण या वेळी काम लवकर उरकतं. मग तिघं मिळून. चिंगीसाठी ग्रुप म्हणजे चार, फार तर पाच कुत्री. आठ नाही. आठ कुत्र्यांत सगळ्यांवर लक्ष ठेवणं अनुभवी माणसालाही जमत नाही.

ग्रुपमध्ये भांडणं होतात ती बहुतेक थांबल्यावर, चालताना क्वचित. गेटवर सगळे गोळा होईपर्यंत दहा मिनिटं गप्पा मारत उभे राहतात, खाली आठ लीशचा गुंता होतो आणि कुणालाही मागे सरकता येत नाही. त्यापेक्षा पहिले दोघं निघाले की बाकीच्यांनी एकेक करून मागून, चालत्या रांगेत सामील व्हावं, आणि दोन कुत्र्यांत ४-५ मीटर ठेवावेत. दुसरी वाईट जागा म्हणजे टपरी. फेरी संपली की चहा आणि पोहे, टेबलाच्या पायाला बांधलेली कुत्री, आणि खाली पडणारं बिस्किट. दमलेली, बांधलेली आणि खाण्यावर डोळा असलेली कुत्री एकत्र आणायची असतील तर याहून सोयीची जागा नाही. चहा घ्यायचाच तर आधी कुत्री घरी पोचवा. चेंडू आणि खेळणीही ग्रुपमध्ये नकोत. माजावर आलेली कुत्री साधारण तीन आठवडे ग्रुपमध्ये आणू नये, खोकणारं कुत्रं दोन आठवडे. आणि एकाच पगारी वॉकरच्या हातात पाच-सहा लीश देऊन पाठवलेली कुत्री ग्रुपमध्ये असतील, तर त्या दिवशी तुम्ही घरी परत या.

वस्तीतल्या कुत्र्यांचा विचार आधीच करून ठेवा. त्यांचा इलाका असतो, आणि लीशवरची पाच कुत्री त्यांच्या गल्लीत शिरली की ती पुढे येणारच, तो त्यांचा स्वभाव आहे. तुमच्या भागात जे त्यांना खाऊ घालतात त्यांच्याकडून जागा आणि वेळ विचारून घ्या आणि वाट तिथून नेऊ नका. समोर आलीच तर पळू नका, चिंगीला पाठीमागे घ्या, मूठभर बिस्किटं त्यांच्या दिशेने, पण त्यांच्या मागे पडतील अशी फेका आणि ती खाण्यात गुंतली की कडेने निघा. छत्री एकदम उघडली तरी बरीच मागे सरतात. दगड मारू नका. त्या गल्लीतून उद्याही जायचं असतं, आणि त्यांना माणसाचा राग आला की तो चिंगीवर निघतो.

टेकडीबद्दल दोन शब्द. पुण्याच्या टेकड्यांवर मोर आहेत, पावसाळ्यात त्यांची विणीची वेळ असते आणि अंडी जमिनीवरच घालतात. मोकळं कुत्रं तिथे नेणं त्यांच्यावर अत्याचार आहे. प्रवेशाशी असलेला फलक वाचून नियम पाळा. उंच गवतात घोणस असते, म्हणून वाट सोडू नका. पावसाळा संपला की कुसळी गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात आणि आत सरकत जातात. घरी आल्यावर रोज पंजे आणि कान बघा. एकसारखं डोकं झटकत असेल किंवा एकच पंजा चाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. एप्रिल-मेमध्ये फेरी साडेसहाच्या आत आटपा. डांबरावर हाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवता आली नाही, तर रस्ता पंजांना तापलेला आहे. ग्रुपमध्ये पग किंवा बुलडॉगसारखं चपट्या नाकाचं, उन्हात लवकर धापणारं कुत्रं असेल तर सगळ्यांनी त्याच्या चालीने चालायचं. पाणी प्रत्येकाने अर्धा लिटर, आपापल्या वाटीतून. दिवाळीच्या आठवड्यात ग्रुपची फेरी ठेवूच नका.

भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नका आणि गळ्याचा पट्टा धरायला वाकू नका, माणसांना चावे बहुतेक तेव्हाच बसतात. बाटलीतलं पाणी तोंडावर मारा, मोठा आवाज करा, मध्ये पिशवी, जॅकेट किंवा छत्री घाला. तरी सुटत नसतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय धरून, हातगाडी ओढावी तसं मागे ओढत न्यायचं. एकट्यानेच ओढायला जाऊ नका. सुटल्यावर लगेच लांब व्हा आणि फेरी तिथेच संपवा. सुळ्याची जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आत खोल असते. साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. माणसाला दात लागला असेल, कितीही बारीक ओरखडा असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

मुसकं वापरायला लाजू नका. कापडी नको, त्यात तोंड मिटलेलं राहतं आणि कुत्र्याला धापता येत नाही. जाळीचं, पिंजऱ्यासारखं घ्या. आधी दोन आठवडे घरात त्यातून पनीर खाऊ घालून सवय करा. पहिल्या भेटींना ते घातलं की तुमचा हात आपोआप सैल राहतो, आणि तो फायदा मोठा आहे.

सहा ते आठ आठवडे एवढं सगळं करूनही २० मीटरवर ती खाऊ घेत नसेल, किंवा भुंकता भुंकता वळून तुम्हालाच दात लावत असेल, किंवा कधी कुणाचं कातडं फुटलं असेल, तर वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. ‘आठ दिवसांत सरळ करून देतो’ म्हणणाऱ्याकडे कुत्रं ठेवायला पाठवू नका. आणि एक शक्यता मनात असू द्या: चिंगीला कधीच ग्रुप आवडणार नाही. दोन सोबत्यांबरोबर आठवड्यातून दोनदा चालणं तिला पुरेसं असू शकतं, आणि त्यात तिचं काही कमी होत नाही.

लॅबच्या मालकांशी एकट्याने, फोनवर बोला. तुमचा कुत्रा चांगला आहे, पण तो बोलावल्यावर येत नाही तोवर बांधून ठेवा, असं सरळ सांगा. त्याच्या धडकेने एखादे आजोबा पडले आणि गंभीर इजा झाली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राण्याबाबतच्या हलगर्जीला लागू होऊ शकतं, हेही त्यांना माहीत असलेलं बरं. ग्रुपवर मात्र हवं तर हे जसंच्या तसं टाका:

‘चिंगीच्या बाबतीत मी घाई केली, चूक माझी. पुढचे काही आठवडे मी तिला एका-एका कुत्र्याबरोबर लांबून चालवणार आहे. ज्यांचा कुत्रा शांत आहे आणि ज्यांना मंगळवार, गुरुवार किंवा शनिवारी सकाळी ६ वाजता अर्धा तास जमेल त्यांनी कळवा. तोवर आम्ही दिसलो तर कृपया कुत्रा लीशवर ठेवा आणि २० मीटरवरूनच हाक मारा, मी हात करीन.’